एकशे पाच आणि 1005: दशक-एककाबरोबरचे आमचे आठ महिने

8 जुलैला लेकीच्या दुसरीच्या वहीत श्रुतलेखनाचं पान आलं. बाईंनी वर्गात दहा संख्या सांगितल्या होत्या, मुलांनी त्या अंकांत लिहायच्या होत्या. त्रेपन्नला तिनं 35 लिहिलं होतं, एकशे पाचला 1005 आणि एकोणचाळीसला 49. दहापैकी चार बरोबर. पान उलटलं तर मागे आठवड्यापूर्वीचा स्वाध्याय होता: '47 मध्ये दशक किती, एकक किती?' तिथे मात्र सगळी उत्तरं बरोबर आणि शेजारी 'छान'.

एकाच कागदाच्या या दोन बाजू मला बरेच दिवस जुळवता आल्या नाहीत. मी शिक्षिका नाही, गणिताशी माझा संबंध रोजच्या हिशेबापुरता. पुढचे आठ महिने आम्ही काय केलं, कुठे अडलो, कशासाठी थांबावं लागलं, हे लिहून ठेवतेय ते आत्ता ज्यांच्यासमोर अशी वही उघडी आहे त्यांच्यासाठी.

सुरुवात मी चुकीच्या टोकानं केली. मला शाळेत जसं शिकवलं होतं तसंच मी शिकवायला बसले. पाटीवर दोन घरं आखली, डावीकडच्या घरावर 'द', उजवीकडच्या घरावर 'ए'. दशक निळ्या खडूनं, एकक लाल खडूनं. दोन दिवसांत ती घडाघडा सांगायला लागली, 'त्रेसष्ट म्हणजे सहा दशक, तीन एकक.' मला वाटलं, झालं. मग बेरीज दिली: 28 आणि 15. तिनं लिहिलं 313.

मी विचारलं, "अगं, अठ्ठावीस आणि पंधरा मिळून तीनशे कसे होतील?"

ती म्हणाली, "पण आई, दोन आणि एक तीन. आठ आणि पाच तेरा. बरोबर आहे ना?"

प्रत्येक पायरी बरोबरच होती. चुकत काय होतं ते मला तिला समजेल अशा शब्दांत सांगता येईना, म्हणून मी तेच पुन्हा, थोडं मोठ्यानं सांगत राहिले. वजाबाकीतही तसंच. 52 मधून 38 घालवले आणि उत्तर काढलं 26, कारण 'दोनातून आठ जात नाहीत, मग आठातून दोन घालवले'. तीन आठवडे असे गेले. शेवटच्या आठवड्यात पाटी पाहिली की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या दिवसांत मी चढवलेला आवाज मला अजून आठवतो आणि त्याचं वाईट वाटतं.

30 जुलैच्या पालकसभेत बाईंनी मला बाजूला घेतलं. त्या प्रेमळ होत्या, पण काळजीतही होत्या. अंक उलटे लिहिणं, हातच्याच्या बेरजा चुकणं, ऐकलेलं लिहिता न येणं अशी त्यांनी नोंद करून ठेवली होती. विशेष शिक्षिकेकडून एकदा पाहून घ्या, असं त्या म्हणाल्या. त्यासाठी दोन पानी अर्ज होता: एका पानावर पालकांची संमती, दुसऱ्यावर वर्गशिक्षिकेची निरीक्षणं. सोबत आधीच्या तीन चाचण्यांच्या उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती आणि जन्मदाखल्याची प्रत. 2 ऑगस्टला अर्ज दिला तो परत आला, कारण एका उत्तरपत्रिकेच्या मागच्या बाजूची प्रत काढायची राहिली होती. 5 ऑगस्टला स्वीकारला गेला आणि तारीख मिळाली 9 सप्टेंबरची. पाच आठवडे. (अर्जाबरोबर वह्यांची पानं जोडणार असाल तर दोन्ही बाजूंच्या प्रती काढा, आणि बरोबर आलेली पानंही जोडा. चुकांइतकंच त्यांतूनही कळतं, हे मला नंतर समजलं.) फी काही नव्हती. पण त्या पाच आठवड्यांत रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात काय काय यायचं, ते ज्यांनी अशी वाट पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

वाट पाहताना मी गप्प बसले नाही, तेव्हा बसले असते तर बरं झालं असतं. एक खेळ काढला: पांढरा मणी म्हणजे एक, लाल मणी म्हणजे दहा. 34 साठी तीन लाल, चार पांढरे. ती करायची. पण मी विचारलं, "सगळे मिळून किती?" तर मणी मोजून म्हणायची, "सात." मी सांगायचे, लाल म्हणजे दहा. ती मान डोलवायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा सात. तिच्या बाजूनं पाहिलं तर समोर खरोखर सातच मणी होते. लाल मण्यात दहा कुठे दिसत होते?

9 सप्टेंबरला विशेष शिक्षिकेबरोबर चाळीस मिनिटं मिळाली. मी कोपऱ्यात बसायचं, बोलायचं नाही, एवढीच अट. त्यांनी टेबलावर सोळा बटणं ठेवली. लेकीनं ती मोजली, कागदावर 16 लिहिलं. बाईंनी त्यातल्या 6 भोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि विचारलं, "हा जो भाग आहे ना, तेवढी बटणं मला दाखव." तिनं सहा बटणं वेगळी केली. मग 1 भोवती गोल काढून तोच प्रश्न. तिनं एक बटण पुढे सरकवलं.

"आणि ही उरलेली?"

उरलेल्या नऊ बटणांकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "ही जास्तीची आहेत."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. 16 मधला 1 तिच्यासाठी एकच होता. '47 मध्ये दशक 4' हे उत्तर तिनं डावीकडचा अंक पाहून दिलं होतं. दशक म्हणजे तिच्या लेखी डावीकडे बसणाऱ्या अंकाचं नाव, बाकी काही नाही. आणि मी तीन आठवडे निळ्या-लाल खडूनं तेच पक्कं करत होते.

बाईंनी नंतर मला समजावलं की ही सोळाची चाचणी कॉन्स्टन्स कामी यांच्या कामामुळे शिक्षकांना माहीत झाली. मुलांच्या विचार करण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्याकडे शिकलेल्या या संशोधक. पहिली-दुसरीतली कितीतरी मुलं त्या 1 साठी एकच वस्तू दाखवतात, असं त्यांना दिसलं होतं. म्हणजे माझी लेक एकटी नव्हती. सात वर्षांच्या मुलानं अंक उलटे लिहिणंही बरंच आढळतं, त्यावरून आत्ताच काही ठरवायला नको, सहा महिन्यांच्या आत पुन्हा पाहू, असं त्या म्हणाल्या. लेखी अहवाल बारा दिवसांनी मिळाला. त्यात एक ओळ होती, ती मी भिंतीवर लावून ठेवली: 'दहा वस्तूंचा एक गट हा एकही आहे आणि दहाही आहे, हे बालिकेला स्वतःच्या हातांनी अनुभवू द्यावे.'

जाता जाता त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. महिनाभर 'दशक' आणि 'एकक' हे शब्द घरात काढायचे नाहीत. गठ्ठा बांधायचा तो मुलीनं, आईनं नाही. आणि साधन असं हवं की दहाचा गठ्ठा सोडता आला पाहिजे. त्यांच्या कपाटात डीन्स ठोकळे होते, हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्तान डीन्स यांच्या नावाचे: एकचा लहान घन, दहाची दांडी, शंभरची चौरस फरशी. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतले सोनेरी मणीही होते, सुटा मणी, दहा मण्यांची काडी, शंभराचा चौरस. हे उत्तमच, पण ते नंतर, असं त्या म्हणाल्या. दहाची दांडी मोडता येत नाही, ती देऊन दहा सुटे बदलून घ्यावे लागतात. काड्यांचा गठ्ठा मात्र रबर काढलं की तिथल्या तिथे दहा सुट्या काड्या होतो, आणि रबर लावलं की पुन्हा एक. लहान मुलाला हे डोळ्यांसमोर घडलेलं दिसावं लागतं.

10 सप्टेंबरला आम्ही काड्या घेऊन बसलो. सारख्या लांबीच्या, टोकं न टोचणाऱ्या, दीडशेच्या आसपास. रबरबँड घरात होतेच. विकत काही आणावं लागलं नाही. पहिल्या दिवशी मी फक्त विचारलं, "किती असतील?" ती म्हणाली, "पन्नास." मोजायला बसली. एकसष्टच्या आसपास फोन वाजला आणि मोजणी चुकली. पुन्हा सुरुवात, या वेळी चाळीसच्या पुढे घोटाळा. तिसऱ्यांदा तिनं स्वतःच काड्यांचे छोटे ढीग करायला घेतले. पाच-पाचचे केले. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पाचांचे ढीग फार होतात म्हणून तिनं दोन-दोन ढीग एकत्र केले. "दोन्ही हातांची बोटं," ती म्हणाली. ज्या क्षणी तिला गठ्ठ्याची गरज वाटली त्या क्षणी रबरबँड पुढे केला. माझ्या मते सगळ्या आठ महिन्यांतला सर्वांत मोलाचा अर्धा तास तो होता, आणि त्यात माझं काम फक्त गप्प बसण्याचं होतं.

पण गठ्ठे बांधले म्हणजे समजलं असं नाही. चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या पुढे ठेवून विचारलं, किती, तर ती चारही रबरं काढायची आणि एकपासून त्रेचाळीसपर्यंत मोजायची. रोज. रबर लावलेल्या गठ्ठ्यात अजून दहाच आहेत यावर तिचा विश्वास नव्हता. मला राहून राहून वाटायचं की सांगून टाकावं. भिंतीवरची ओळ वाचायचे आणि थांबायचे. कधीकधी मी मुद्दाम सुट्या काड्याच चौदा ठेवायचे आणि गठ्ठे तीन. तिनं मोजायचं, मग सुट्यांतून एक गठ्ठा बांधायचा, मग पुन्हा मोजायचं. तीन गठ्ठे चौदा सुट्या आणि चार गठ्ठे चार सुट्या, दोन्ही चव्वेचाळीसच. याचं तिला पहिल्यांदा नवल वाटलं, मग गंमत वाटायला लागली. हातच्याचं सगळं गणित या एका गमतीत आहे, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

28 सप्टेंबरला, म्हणजे अठरा दिवसांनी, तिनं रबरांना हात न लावता बोट ठेवत म्हटलं, "दहा, वीस, तीस, चाळीस," आणि मग सुट्यांवर येऊन, "एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस." दहाच्या उडीवरून एकच्या पावलावर येणं हे मोठ्यांना काहीच वाटत नाही. तिथे मुलं 'चाळीस, पन्नास, साठ, सत्तर' अशी पुढे पळतात. तीही त्याआधी कितीदा पळाली होती. त्या दिवशी मी तिला जवळ घेतलं, ते तिला का ते कळलं नाही.

ऑक्टोबर सगळा संख्यांच्या नावांत गेला. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण मराठीतून शिकणाऱ्या मुलांची अर्धी अडचण कानात असते. 53 लिहिताना आधी 5, मग 3. बोलताना मात्र 'त्रे' आधी, 'पन्न' मागून. कानावर तीन पहिल्यांदा पडतो, हात तो पहिल्यांदा लिहितो आणि होतात पस्तीस. माझी लेक उलटं लिहीत नव्हती, ती ऐकू येईल त्या क्रमानं लिहीत होती. जर्मन मुलांनाही हेच सोसावं लागतं, तिथेही एकवीसला 'एक आणि वीस' म्हणतात. इंग्रजीत तेरा ते एकोणीसपुरतं ते आहे. चिनी, जपानी आणि कोरियन मुलांना मात्र 'दोन दहा एक' असं लिहिण्याच्याच क्रमानं ऐकू येतं. शिवाय आपल्याकडे पन्नासचं पन्न आणि वन्न होतं, साठचं सष्ट, सत्तरचं हत्तर. बावन्न, त्रेपन्न, बासष्ट, त्र्याहत्तर यांतला दहाचा भाग मुलाला आपोआप ओळखू येईल असं नाही.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा बराच वाद झाला होता. तेव्हा मलाही ते खटकलं होतं. लेकीबरोबर बसल्यावर मात्र त्यामागची कळकळ समजली. घरी आम्ही दोन्ही ठेवलं. पाच गठ्ठे तीन सुट्या पाहून आधी 'पन्नास तीन' म्हणायचं आणि लगेच 'त्रेपन्न'. आजोबांना हे आवडलं नाही. "अगं, नावं पाठच हवीत, आमची उजळणी रोज व्हायची," ते म्हणाले. त्यांचंही खरं होतं. त्रेपन्न हे नाव कानाला सवयीचं झाल्याशिवाय आपलं होत नाही. मग ते संध्याकाळी तिच्याकडून नावं म्हणून घ्यायचे आणि मी सकाळी काड्या घेऊन बसायचे.

श्रुतलेखनासाठी एक नियम केला: पूर्ण नाव ऐकेपर्यंत पेन्सिल खाली. ऐकायचं, गठ्ठे मांडायचे, मग लिहायचं. काही दिवसांनी तिनं स्वतःची युक्ती काढली, 'त्रे' ऐकलं की 3 लिहायचा आणि डावीकडे जागा सोडून मग 5. उत्तर बरोबर यायचं, म्हणून मी आधी खूश झाले. पण 'एकशे त्रेपन्न' आल्यावर जागा पुरेना आणि सगळं विस्कटलं. युक्ती मोडायला आठवडा लागला. बरोबर उत्तर आलं तरी ते कसं आलं हे एकदा विचारून घ्यावं, असं मी आता सगळ्यांना सांगते.

'एकोण'साठी तक्ता कामी आला. बाजारी तक्त्यांत बहुधा 1 ते 100 असतात, म्हणजे 30 हा एकवीसच्या ओळीच्या शेवटी येतो. आम्ही 0 ते 99 चा तक्ता हातानं आखला. त्यात 20 ते 29 एका ओळीत राहतात आणि डावीकडचा अंक ओळभर तोच दिसतो. शेवटच्या स्तंभात 19, 29, 39, 49. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे सगळे पुढच्या घरात डोकावतात." एकोणीस म्हणजे विसाला एक कमी, एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. असं ऐंशीच्या ओळीपर्यंत चालतं, 89 एकोणनव्वद. आणि 99 ला अचानक नव्व्याण्णव. "तो का नाही डोकावत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "भाषेत असं असतं," म्हटलं. तिनं ते मान्य केलं.

नोव्हेंबरमध्ये दहा गठ्ठे एकत्र करून मोठा गठ्ठा बांधला. तो दोन्ही हातांत धरावा लागला. एका काडीशेजारी एक गठ्ठा आणि त्याशेजारी तो मोठा गठ्ठा असे ती कितीतरी वेळ मांडून पाहत होती. मग एकशे पाच. मोठा गठ्ठा एक, सुट्या काड्या पाच, मध्ये काही नाही. लिहिलं काय? 1005. शंभर लिहिलं आणि पुढे पाच. जसं ऐकलं तसं.

इथे माझीच जुनी चूक पुढे आली. मी तिला कधीतरी सांगितलं होतं, 'शून्य म्हणजे काहीच नाही.' मग काहीच नसलेलं असलं काय आणि नसलं काय! म्हणून तिला एखादं शून्य जास्त झाल्याचं काही वाटत नव्हतं. यावर आम्ही पुठ्ठ्याच्या पट्ट्या केल्या. एकूण 27: 1 ते 9, 10 ते 90 आणि 100 ते 900. एककाची पट्टी एक घर रुंद, दहांची दोन घरं, शेकड्यांची तीन घरं, उंची सगळ्यांची सारखी. उजव्या कडा जुळवून एकावर एक ठेवायच्या. 100 वर 40 आणि त्यावर 7 ठेवलं की दिसतं 147, आणि वरच्या पट्ट्या उचलल्या की खालची शून्यं तशीच असतात. तिनं 100 वर 5 ठेवलं. दिसलं 105.

"मधलं शून्य कुठून आलं?" मी विचारलं.

"ते शंभराचंच आहे," ती म्हणाली. "त्याच्यावर कुणी बसलं नाही."

पट्ट्या करताना रुंदी मापून कापा. माझा पहिला संच अंदाजानं कापला होता, अंक एकमेकांखाली येईनात आणि तो टाकून द्यावा लागला.

त्या आठवड्यात मी तिला शून्याची गोष्ट सांगितली. रोमन पद्धतीत एकशे पाच दोन चिन्हांत लिहून होतात, तिथे जागेला किंमत नाही, म्हणून शून्याचीही गरज नाही. बॅबिलोनियातल्या लोकांनी जागेनुसार किंमत बदलणारी पद्धत काढली, ती साठाच्या पटीत. पण रिकाम्या जागेसाठी शतकानुशतकं त्यांच्याकडे चिन्ह नव्हतं. आर्यभटांनी 499 मध्ये लिहिलं की प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दहापट असतं. ब्रह्मगुप्तांनी 628 मध्ये शून्याचे नियम सांगितले. ग्वाल्हेरच्या 876 च्या शिलालेखात 270 ही संख्या कोरलेली आहे, त्यातलं शून्य लहानशा वर्तुळासारखं आहे. तिला वर्तुळ आवडलं. मला मात्र वेगळंच सुचलं: माणसांना हे जमायला इतका काळ लागला आणि मी सात वर्षांच्या मुलीकडून तीन आठवड्यांत मागत होते.

डिसेंबरमध्ये पुन्हा 28 आणि 15. काड्या मांडल्या: तीन गठ्ठे, तेरा सुट्या. काही न सांगता तिनं दहा सुट्या उचलल्या, रबर लावलं, डावीकडे ठेवलं. चार गठ्ठे, तीन सुट्या. मग कागदावर तेच केलं. 'हातचा एक' हा शब्द मी महिनाभर टाळला, कारण तो एक नाही, दहा आहे. आम्ही 'एक गठ्ठा वर' म्हणायचो. शाळेत हातचा म्हणतात हे नंतर सांगितलं, तेव्हा तिनं सहज जोडून घेतलं. वजाबाकीतही तसंच. 'उसना घे' म्हटल्यावर तिनं विचारलं होतं, "परत कधी करायचा?" प्रश्न अगदी योग्य होता. कुणी कुणाला उसनं देत नाही, आपलाच गठ्ठा आपण सोडतो. 52 मधला एक गठ्ठा सोडला की चार गठ्ठे आणि बारा सुट्या, मग 38 सुखानं जातात, चौदा उरतात. सप्टेंबरची ती तीन गठ्ठे चौदा सुट्यांची गंमत इथे कामाला आली.

रोजचा खेळ एकच होता. फासा टाकायचा, पडेल तेवढ्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की गठ्ठा, आधी शंभर होईल तो जिंकला. उलटा खेळही तितकाच खेळा: शंभरपासून सुरू करून शून्यापर्यंत यायचं. पहिलाच फासा टाकला की मोठा गठ्ठा सोडावा लागतो, मग त्यातला एक लहान गठ्ठा. 100 वजा 4 कागदावर शिकण्याआधी तिनं ते कितीतरी वेळा हातानं केलं होतं. महिन्याच्या शेवटी लाल-पांढरे मणी परत काढले. तीन लाल, चार पांढरे, सगळे मिळून किती? "चौतीस. लालमध्ये गठ्ठा आहे." ऑगस्टमध्ये रडवणारा तोच खेळ.

जानेवारीत तापामुळे बारा दिवस खंड पडला. परत बसलो तर 1005 परत आलेलं. मी घाबरले, पण पट्ट्या हातात दिल्यावर दोन दिवसांत गाडी रुळावर आली. एकदा समजलेलं मूल विसरतं, तेव्हा ते कोऱ्या पाटीवर येत नाही. वेळेचा हिशेब सांगायचा तर 10 सप्टेंबरपासून आठवड्यातून साधारण पाच दिवस, रोज वीस मिनिटं, सगळे मिळून 37 तासांच्या आसपास. वीस मिनिटांच्या पुढे सहसा ताणलं नाही. ताणलं त्या दोन-तीन दिवसांचा तोटा दुसऱ्या दिवशी दिसला.

10 फेब्रुवारीला फेरतपासणी झाली. या वेळी एक पानी अर्ज, जुन्या अहवालाची प्रत आणि चालू महिन्याच्या वहीची दोन पानं एवढंच लागलं. शिक्षिकेनं पुन्हा बटणं काढली, छत्तीस. लेकीनं मोजून 36 लिहिलं. 3 भोवती गोल. तिनं दहा बटणं सरकवली, आणखी दहा, आणखी दहा. मग जरा थांबून विचारलं, "रबर आहे का?" पुढच्या तपासणीची गरज नाही, वर्गशिक्षिकेनं लक्ष ठेवावं, असा शेरा मिळाला. त्या कागदावर शाळेची पोच घ्यायला मी विसरले होते, ती दुसऱ्या दिवशी जाऊन घेतली.

चुका अजून होतात. परवा आजोबांनी श्रुतलेखन घेतलं, एकोणऐंशी सांगितलं. तिनं 89 लिहिलं. आजोबा काही बोलणार तेवढ्यात मी त्यांना खूण केली. ती पुढची संख्या लिहायला वळली होती, पण पेन्सिल तशीच अडली. 89 कडे पाहत ती पुटपुटली, "ऐंशीला एक कमी... मग आठवा गठ्ठा सुटला." आठवर रेघ मारून तिनं वर 7 लिहिला आणि म्हणाली, "आजोबा, पुढचा सांगा."